जांबोटीकडे रेंज कमी, डेटा रोज १.५ जीबी: मोबाइलवर व्हिडिओ आणि वेबसाइट नीट चालवायला काय करावं?

मलप्रभाकाठ

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यात जांबोटीच्या पुढं, डोंगराकडच्या गावात वापरायच्या फोनबद्दल विचारायचं आहे. फोन ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज, अँड्रॉइड १२, फक्त ४जी. रोजचा १.५ जीबीचा प्लॅन. घर जुनं, जाड चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, एक माडी.

वापर म्हणजे कीर्तनं, काजू आणि उसाच्या लागवडीचे व्हिडिओ, मराठी बातम्यांच्या वेबसाइट, आणि अधूनमधून कर्नाटकच्या भूमी पोर्टलवर जमिनीचा उतारा बघणं.

अडचणी अशा. रात्री ८ नंतर दोन काड्या दिसत असूनही व्हिडिओ फिरत राहतो. डेटा दुपारपर्यंत संपतो. अर्धा तास व्हिडिओ चालला की फोन तापतो, चित्र अडखळतं आणि आवाज पुढं जातो. बातम्यांच्या साइटवर जाहिराती इतक्या की मजकूर सापडत नाही, आणि साइट बंद केली तरी नोटिफिकेशन येत राहतात. उतारा कन्नडमध्ये असतो, घरातल्या वडीलधाऱ्यांना वाचता येत नाही.

नवा फोन घ्यावा, की आहे त्यात काही करता येईल? ऑनलाइन सिग्नल बूस्टरही दिसतात, ते घ्यावेत का?

कॅम्पातला

आधी बूस्टरचं. घेऊ नका. परवान्याशिवाय मोबाइल सिग्नल बूस्टर बसवणं भारतात बेकायदा आहे. शिवाय असा बूस्टर टॉवरकडं गोंगाट पाठवतो, त्यामुळं आजूबाजूच्या सगळ्यांचीच रेंज बिघडते.

काड्यांवर विश्वास ठेवू नका. दोन काड्या कशाला म्हणायच्या हे प्रत्येक कंपनीचा फोन आपलं आपण ठरवतो. खरा आकडा सेटिंग्जमध्ये ‘फोनविषयी’ आणि त्यात ‘सिम स्टेटस’ इथं डीबीएममध्ये (सिग्नलची ताकद मोजायचं माप) दिसतो. आकडा उणे असतो, म्हणून शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. ४जीला -८५ च्या आसपास उत्तम, -१०० पर्यंत काम निभावतं, -११० च्या खाली व्हिडिओचे हाल सुरू होतात आणि -१२० ला नेट असून नसल्यासारखं.

हा आकडा तीन जागी बघा: नेहमी बसता तिथं, माडीच्या खिडकीत, आणि अंगणात. प्रत्येक जागी फोन मिनिटभर स्थिर धरा, आकडा लगेच बदलत नाही. मग त्याच जागी पहाटे आणि रात्री ९ ला वेग मोजा. फास्ट डॉट कॉम चालेल, पण प्रत्येक चाचणीत डेटा जातो, आणि नेट वेगवान असेल तर भरपूर जातो. एक-दोनदाच करा.

याचा उपयोग असा की रोग दोन आहेत आणि बाहेरून ते सारखेच दिसतात. डीबीएम वाईट असेल तर अडचण रेंजची आहे, जागा बदलून सुटते. डीबीएम चांगला, पहाटे वेग चांगला आणि रात्रीच पडतो, तर टॉवरवर गर्दी आहे. तिथं जागा बदलून काही होणार नाही, वेळ बदलावी लागते.

चिऱ्याच्या जाड भिंतीचा परिणाम मोठा असतो. ७००, ८५० आणि ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात आणि भिंतीतूनही बऱ्यापैकी आत येतात. २३०० किंवा ५जीच्या ३३०० मेगाहर्ट्झच्या लहरी वेग देतात, पण भिंतीला आणि डोंगराला लवकर हरतात. डोंगराकडं म्हणूनच खिडकीत नेट पळतं आणि माजघरात बंद पडतं.

निपाणी नाका

कॅम्पातल्या दादांनी बरोबर सांगितलंय. त्यात सीमाभागाची एक गोष्ट घाला, कारण बाहेरच्या लेखांत ती सापडत नाही.

आपलं सिम कर्नाटक सर्कलचं. कोगनोळी, शिनोळी, चंदगडची हद्द इथं फोन कधी महाराष्ट्राचा टॉवर पकडतो. चोर्ल्यातून गोव्यात उतरलं तरी तेच, कारण टेलिकॉमच्या हिशेबात गोवा महाराष्ट्र सर्कलमध्येच येतो. अशा वेळी वर ‘आर’ दिसतो, फोन लागतो, पण नेट बंद. कारण एकच: ‘डेटा रोमिंग’ बंद असतं. सिमच्या सेटिंगमध्ये जाऊन ते चालू करा. देशातल्या देशात नेहमीच्या प्लॅनवर याचे वेगळे पैसे पडत नाहीत. परदेशी जाताना मात्र आठवणीनं बंद करा.

काहीजण यावर उपाय म्हणून नेटवर्क ऑपरेटर हातानं निवडून ठेवतात. तसं करू नका. त्या ऑपरेटरची रेंज सुटली की फोन दुसरं नेटवर्क शोधत नाही आणि लोक सिम खराब झालं म्हणून दुकानात जातात. ते ‘ऑटोमॅटिक’वरच असू द्या.

आता डेटाचं गणित. १ एमबीपीएसनं तासभर व्हिडिओ चालला की ४५० एमबी जातात. यूट्यूबवर साधारण ४८०पी एवढं खातो. ३६०पी तासाला ३०० एमबीच्या आसपास, ७२०पी १ जीबी किंवा जास्त, १०८०पी त्याच्या दीडपट-दुप्पट. म्हणजे रोजच्या १.५ जीबीत ४८०पीचे तीन तास बसतात आणि १०८०पीचा एकही तास धड बसत नाही. कीर्तनाला ३६०पी पुरे, तिथं आवाज महत्त्वाचा आणि आवाजाला फार डेटा लागत नाही. लागवडीच्या व्हिडिओत पानावरचे डाग किंवा औषधाच्या बाटलीवरची अक्षरं वाचायची असतील तेवढ्यापुरतं ७२०पी करा.

यूट्यूबमध्ये प्रोफाइल, सेटिंग्ज, ‘व्हिडिओ क्वालिटी’ इथं मोबाइल नेटवर्कसाठी ‘डेटा सेव्हर’ निवडा. ही झाली कायमची सोय. एखाद्या व्हिडिओपुरतं बदलायचं तर चालू व्हिडिओच्या दातेरी चाकावर जाऊन ‘क्वालिटी’, ‘अ‍ॅडव्हान्स्ड’. सेटिंग्जमध्येच फीडमधला ‘प्लेबॅक’ बंद करा. नुसती यादी वरखाली करताना व्हिडिओ आपोआप मुक्यानं चालू होतात, त्यातही डेटा जातो. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ‘स्टोरेज आणि डेटा’त मोबाइल डेटावर फोटो, ऑडिओ, व्हिडिओ काहीच आपोआप उतरू देऊ नका. दुपारपर्यंत डेटा संपतो तिथं बहुधा गावाच्या, भजनी मंडळाच्या आणि भावकीच्या ग्रुपांचे व्हिडिओ कारण असतात. सेटिंग्जमध्ये ‘डेटा युसेज’ उघडून कुठलं अ‍ॅप किती खातंय ते बघा, लगेच कळेल.

रोजचा कोटा रात्री १२ ला नवा होतो आणि पहाटे टॉवर मोकळा असतो. लांब कीर्तनं पहाटे ‘डाउनलोड’ करून ठेवा, यूट्यूबमध्ये बऱ्याच व्हिडिओंना ती सोय फुकट आहे. मात्र ते व्हिडिओ कायमचे राहत नाहीत, अधूनमधून फोन नेटला जोडावा लागतो.

मलप्रभाकाठ

खूप आभार. मोजून बघितलं. माजघरात -११४, माडीच्या टॉवरकडच्या खिडकीत -९८, अंगणात -१०१. खिडकीत पहाटे १४ एमबीपीएस, रात्री ९ ला ०.८. डेटा युसेजमध्ये व्हॉट्सअ‍ॅप पहिलं निघालं, ते बंद केलं.

माडीच्या खिडकीत कुणी कायम बसू शकत नाही, खाली कसं आणायचं? आणि तापण्याचं, आवाज पुढं जाण्याचं राहिलं. घरात एक जुना ४जी फोन पडून आहे, त्याचा काही उपयोग?

कॅम्पातला

जुना फोनच उत्तर आहे. डेटाचं सिम त्यात घाला, माडीच्या खिडकीत ठेवा, हॉटस्पॉट चालू करा. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड २.४ गीगाहर्ट्झ निवडा. ५ गीगाहर्ट्झ चिऱ्याच्या भिंतीपुढं टिकत नाही. ‘कुणी जोडलेलं नसेल तर हॉटस्पॉट आपोआप बंद’ हा पर्याय काढून टाका, नाहीतर दहा-पंधरा मिनिटांनी माडी चढावी लागेल.

कॉलचं सिम वेगळं असेल तर उत्तम. एकच सिम असेल तर त्यावरचे कॉल माडीवरच वाजतील, हे आधी घरच्यांना सांगा.

दोन ठिकाणी चुकतं. जुना फोन चोवीस तास चार्जरला ठेवला की बॅटरी फुगते. ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असेल तर चालू करा, नसेल तर हॉटस्पॉट लागेल तेवढाच वेळ चार्जर लावा. पाठ उचलल्यासारखी दिसली तर तो फोन लगेच बंद करून बाजूला काढा. आणि खिडकीत थेट ऊन नको. उन्हात फोन तापला की आधी वेग उतरतो, मग फोन स्वतःच बंद होतो. कौलं गळतात ती जागाही टाळा, तुमच्याकडचा पाऊस काही साधा नव्हे.

खाली ज्या फोनवर बघता त्यात या वायफायला ‘मीटर्ड’ ठरवा. वायफायच्या नावावर टॅप करून तो पर्याय मिळतो. नाहीतर फोनला वाटतं घरी ब्रॉडबँड आलं आणि तो प्ले स्टोअरचे सगळे अपडेट आणि फोटोंचा बॅकअप सुरू करतो. दीड जीबी सकाळच्या चहाआधी संपेल. यूट्यूबमध्येही वायफायच्या रकान्यात ‘डेटा सेव्हर’ निवडायला विसरू नका, ती सेटिंग वेगळी असते.

रात्रीच्या ०.८ वर ३६०पी काठावर चालेल, २४०पी नक्की चालेल. ते गर्दीचं दुखणं आहे. करंट गेल्यावर मात्र वेगळं असतं. हेस्कॉमची वीज जास्त वेळ गेली की टॉवर बॅटरीवर किती टिकेल त्यावर सगळं अवलंबून, तिथं घरातलं सेटिंग बदलून उपयोग नाही.

*#*#४६३६#*#* डायल करून फोन ‘फक्त एलटीई’वर (म्हणजे फक्त ४जीवर) लॉक करायचा सल्ला बरेच देतात. जो जुना फोन निव्वळ हॉटस्पॉटसाठी आहे त्यात करा, फायदा होतो, फोन २जीवर घसरत नाही. कॉलच्या फोनमध्ये व्होल्टी (४जीवरून होणारे कॉल) नीट चालत नसेल तर मात्र कॉलच येणार नाहीत. काही कंपन्यांनी हा कोड बंद केलेला असतो.

व्हिडिओवाला_शहापूर

तापणं आणि आवाज पुढं जाणं याबद्दल मी सांगतो, कारण याचा रेंजशी संबंध नाही.

व्हिडिओ दाबून पाठवलेला असतो, फोन तो उलगडतो. ते काम चिपमधला खास भाग करत असेल तर फोन थंड राहतो. त्या भागाला तो प्रकार येत नसेल तर मुख्य प्रोसेसर राबतो, फोन तापतो, चित्र मागं पडतं आणि आवाज पुढं निघून जातो. यूट्यूब तीन प्रकार वापरतं: जुना एच.२६४, मग व्हीपी९, आणि नवा एव्ही१. एव्ही१ डेटा वाचवतो, पण स्वस्त आणि जुन्या फोनांच्या चिपला तो येत नाही.

तपासणी अशी. यूट्यूबच्या सेटिंग्जमध्ये ‘जनरल’ इथं ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ चालू करा. मग चालू व्हिडिओच्या दातेरी चाकातून ते उघडा. कोडेकच्या (म्हणजे या प्रकाराच्या) ओळीत ‘एव्ही०१’ दिसलं आणि ‘ड्रॉप्ड फ्रेम्स’चा (गळलेल्या चित्रांचा) आकडा सतत वाढत असेल तर रोग सापडला. ‘व्हीपी०९’ किंवा ‘एव्हीसी१’ असूनही फ्रेम गळत असतील तर तापमान किंवा भरलेलं स्टोरेज बघा.

अ‍ॅपमध्ये प्रकार निवडायची सोय नाही. क्वालिटी एक पायरी वरखाली करून कोडेक बदलतो का बघा, बऱ्याचदा खालच्या पायऱ्यांना एव्ही१ आणि वरच्यांना व्हीपी९ येतो. त्यानंही नाही झालं तर फायरफॉक्सची ‘बीटा’ आवृत्ती घ्या, पत्त्याच्या जागी ‘अबाउट:कॉन्फिग’ रोमन लिपीत लिहा, ‘मीडिया डॉट एव्ही१ डॉट एनेबल्ड’ शोधून ‘फॉल्स’ करा आणि यूट्यूब त्या ब्राउझरमध्येच बघा. मग साइट दुसऱ्या प्रकारात व्हिडिओ पाठवते. बाकी कुठल्याही नोंदीला हात लावू नका.

अजून एक: क्रिकेटसारखे सेकंदाला ६० फ्रेमचे व्हिडिओ ७२०पी आणि वरच ६० चे असतात. ४८०पीवर आणलं की ते ३० वर येतात आणि फोनचा भार बराच उतरतो.

बॅटरी सेव्हर व्हिडिओ बघताना बंद ठेवा, तो प्रोसेसरचा वेग बांधतो. चार्जिंग लावून बघू नका, लावलंच तर कव्हर काढा. तापलेला फोन फ्रिजमध्ये ठेवायची सवय काहींना असते, ती वाईट. आत दव धरतं आणि फोन कायमचा जातो. ‘रॅम वाढवा’ हा पर्याय बंद केला तरी चालेल. तो स्टोरेजचाच तुकडा रॅम म्हणून वापरतो, आणि स्वस्त फोनचं स्टोरेज हळू असतं. ६४ जीबीतले ८-१० जीबी मोकळे ठेवलेत तर त्याहून जास्त फरक पडेल.

आवाज पुढं न जाता मागं पडत असेल आणि ब्लूटूथ स्पीकर लावलेला असेल, तर ते ब्लूटूथचं आहे. तार लावून बघा, लगेच कळेल.

नवा फोन घेण्याआधी एवढं करा. आणि घ्यायचाच झाला तर चिपला एव्ही१ येतं का आणि ‘वाइडवाइन एल१’ (व्हिडिओची चोरी रोखणाऱ्या सोयीची वरची पातळी) आहे का हे दोनच प्रश्न दुकानदाराला विचारा. एल१ नसेल तर ओटीटीची बरीच अ‍ॅप एचडी देतच नाहीत, स्क्रीन कितीही भारी असो.

उतारा_वाचक

वेबसाइट आणि कन्नडचं माझ्याकडं.

साइट बंद केली तरी येणारी नोटिफिकेशन बातम्यांच्या साइटवर कधीतरी ‘अलाउ’ दाबल्यामुळं असतात. क्रोम, सेटिंग्ज, ‘साइट सेटिंग्ज’, ‘नोटिफिकेशन्स’. तिथं यादी दिसेल, सगळ्या साइट काढा आणि वरचं मुख्य बटण बंद करा. व्हायरस काढणारं अ‍ॅप टाकायची गरज नाही, त्यातली कित्येक स्वतःच जाहिराती दाखवतात.

क्रोमचा डेटा वाचवणारा ‘लाइट मोड’ २०२२ मध्ये बंद झाला. जुने लेख अजून तो चालू करायला सांगतात, शोधत बसू नका. बातम्यांसाठी फायरफॉक्स घ्या आणि त्यात ‘युब्लॉक ओरिजिन’ हे एक्स्टेन्शन टाका. जाहिराती जातात, पान हलकं होतं, डेटाही वाचतो. पत्त्याच्या पट्टीत पानाचं चिन्ह दिसलं की दाबा, नुसता मजकूर मोठ्या अक्षरात येतो. वयस्कांना हे फार आवडतं. ऑपेरा मिनीचा टोकाचा बचत मोड फारच कमी रेंजमध्ये उपयोगी, पण त्यात पान त्यांच्या सर्व्हरवरून येतं, म्हणून बँकेचं आणि पासवर्डचं काम त्यात करू नका.

सगळ्या ब्राउझरमधल्या जाहिराती एकदम कमी करायच्या तर नेटवर्क सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ इथं ‘डीएनएस डॉट अ‍ॅडगार्ड-डीएनएस डॉट कॉम’ हे रोमन अक्षरांत भरा. एक अक्षर चुकलं तरी पूर्ण नेट बंद होतं. नंतर कधी ‘वायफाय आहे पण नेट नाही’ असं झालं, विशेषतः लॉगिन मागणाऱ्या सार्वजनिक वायफायवर, तर आधी हेच ‘ऑटोमॅटिक’ करून बघा. यूट्यूबच्या जाहिराती यानं जात नाहीत.

आता उतारा. भूमीचं पान क्रोममध्ये उघडा, तीन टिंबांतून ‘ट्रान्सलेट’, आणि भाषा मराठी करा. पहिल्यांदा ते इंग्रजी करतं, खालच्या पट्टीतून ‘आणखी भाषा’मध्ये मराठी मिळेल. उतारा चित्र किंवा पीडीएफ म्हणून उघडला तर क्रोम त्याला हात लावत नाही. तिथं स्क्रीनशॉट घ्या, गूगल लेन्समध्ये ‘भाषांतर’ निवडा, कन्नड ते मराठी.

पण व्यवहारासाठी त्या भाषांतरावर अवलंबून राहू नका. आडनावांचं आणि शेताच्या नावांचं यंत्र शब्दशः भाषांतर करतं, माणसाचं नाव वस्तूचं होऊन बसतं. सर्व्हे नंबर, हिस्सा आणि क्षेत्राचे आकडे मूळ पानावरूनच उतरवा. कर्नाटकचा उतारा एकर-गुंठ्यात असतो, ४० गुंठे म्हणजे एक एकर. महाराष्ट्राच्या सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतं. ज्यांची जमीन खानापुरातही आहे आणि चंदगडातही, त्यांचा घोळ इथंच होतो. ‘बोजा’ आणि ‘हक्क’ यांचे रकाने कन्नड वाचणाऱ्या माणसाकडून एकदा वाचून घ्या.

जीबोर्डमध्ये मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा घालून ठेवा. भूमीवर गावाचं नाव कन्नडमध्ये शोधायचं झालं तर कन्नडची रोमन अक्षरांतून लिहायची पाटी निवडा, ‘जांबोटी’ रोमनमध्ये लिहिलं की कन्नड अक्षरं आपोआप उमटतात.

मलप्रभाकाठ

कोडेक ‘एव्ही०१’च निघाला, फ्रेम गळत होत्या. ७२०पीला ‘व्हीपी०९’ येतो आणि अडखळत नाही, पण डेटा जातो. फायरफॉक्स बीटात बदल केल्यावर ३६०पी व्यवस्थित चालतोय, फोनही तापत नाही. हॉटस्पॉटवर माजघरात नेट आलं.

शेवटचा प्रश्न. हेच टीव्हीवर बघायचं झालं तर? केबल घ्यावी का?

व्हिडिओवाला_शहापूर

केबल सध्या घेऊ नका. टाइप-सी ते एचडीएमआय केबल फोनमध्ये ‘डिस्प्लेपोर्ट’ची सोय असेल तरच चालते, आणि स्वस्त फोनांत ती नसते. दुकानात फोन नेऊन चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

टीव्ही स्मार्ट असेल तर माडीवरच्या हॉटस्पॉटला जोडा आणि फोनवरून ‘कास्ट’ करा. लक्षात घ्या, कास्ट केल्यावर व्हिडिओ फोनमधून जात नाही, टीव्ही तो स्वतः नेटवरून ओढतो आणि वेग मिळाला की सरळ १०८०पी घेतो. फोनवर ठेवलेला डेटा सेव्हर तिथं लागू होत नाही. टीव्हीच्या यूट्यूबमध्येच दातेरी चाकातून ४८०पी करा, आणि पुढचा व्हिडिओ सुरू झाल्यावर पुन्हा बघा, कारण टीव्हीवर ती निवड दरवेळी टिकतेच असं नाही. पहाटे उतरवून ठेवलेली कीर्तनं दाखवायची असतील तर कास्टऐवजी ‘स्क्रीन मिरर’ करा, मग डेटा लागत नाही. फक्त फोनची स्क्रीन सुरू ठेवावी लागते, म्हणून फोनचा उजेड कमी करा आणि कव्हर काढून ठेवा.